नदीकाठी जुन्या घराच्या जागी नवीन घर, भराव घालायचा की नाही?

शापोराकाठचा:
नमस्कार मंडळी, गोव्यात पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठाला आमचं भाट (माडांची बागायत) आहे. त्यात आजोबांच्या काळचं जांभ्या चिऱ्यांचं घर, मागच्या पावसात त्याची मागची पडवी पूर्ण बसली आणि उरलेलंही राहण्यासारखं नाही. आईला गाव सोडायचा नाहीये म्हणून तिथंच छोटं घर बांधायचं म्हणतोय. भाटाच्या खालच्या अंगाला बांध आणि त्याला लागून खाजन, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, नदी दक्षिणेला. आर्किटेक्टने जो प्लॅन दिलाय त्यात सगळ्या अंगणात मीटरभर मातीचा भराव, वर आरसीसीचा सपाट स्लॅब आणि नदीच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. चित्रात फारच सुंदर दिसतं, पण मला हे घर पुढच्या पिढीलाही वापरता यावं आणि नदीला, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये असं मनापासून वाटतं. नदीकाठी कुणी बांधलं असेल तर सांगा, काय ठेवू आणि काय काढू?

म्हापशाचा सिव्हिलवाला:
पहिली गोष्ट, सपाट स्लॅब काढून टाका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तिथं उतरतं कौलारू छप्पर आणि चांगल्या तीन-चार फुटांच्या वळचणीच लागतात. पाणी भिंतीवर आलंच नाही तर अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

दुसरं म्हणजे खारी हवा. नदीकाठची घरं बघत फिरा, खिडकीवरच्या लिंटेलला खालून आडवी भेग गेलेली असते, बोटाने दाबलं की काँक्रीटचा पापुद्रा सुटतो आणि आत गज गंजून फुगलेला दिसतो. मीठ काँक्रीटमधून गजापर्यंत पोचतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फुटतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनारी वातावरण 'सिव्हियर' (तीव्र) धरलंय, म्हणजे निदान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि गजावर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर. साइटवर गजाखाली हे अंतर राखणारे कव्हर ब्लॉक नीट लावलेत का ते स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः टेप घेऊन बघा, कारण एकदा काँक्रीट पडलं की काही दिसत नाही. आणि जिथं जमेल तिथं आरसीसी कमीच करा. जुन्या घराचे चिरे धड असतील तर तेच वापरा, नवे खाणीतून आणण्यापेक्षा केव्हाही बरे, हवेत राहून चांगले कडक झालेले असतात. फक्त त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा नको, चुन्याचा करा. चिरा पाणी पितो, ते त्याला परत सोडायचं असतं, सिमेंटने वाट बंद केली की ओल आतच राहते, लोणा लागतो आणि गिलावा थराथराने गळतो.

खाजनकर (चोडण):
सिव्हिलवाल्या भाऊंनी घराचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो कारण आमचं शेतच खाजनात आहे. भराव अजिबात घालू नका. खाजन हे समुद्रसपाटीच्या आसपासचं, पुष्कळ ठिकाणी भरतीच्या पाण्याच्या खालचं, आणि ते टिकलंय ते बांध आणि मानशीमुळे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारामुळे. मानशीची लाकडी दारं तुम्ही बघितली असतीलच, भरती चढायला लागली की पाण्याच्याच दाबाने ती मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, कुणी हात लावायला लागत नाही. पण पावसात भरती असताना डोंगरावरचं पाणीही खाली येतं, मानस मिटलेली असते, तेव्हा ते पाणी ओहोटी लागेपर्यंत थांबणार कुठं? खाजनात आणि त्याच्या काठच्या सखल भाटांत. तुम्ही मीटरभर माती टाकलीत की ते पाणी शेजारच्या पडवीत जातं. दरवर्षी आमच्याकडे हेच भांडण. आधी एकाने भराव घातला, मग शेजाऱ्याने त्याच्याहून उंच घातला, आणि शेवटी ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्या चुलीपर्यंत पाणी.

उंची पाहिजे तर फक्त घराचा चौथरा उंच करा, आजोबांचं घर तसंच असणार, पायऱ्या चढून बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर), आणि अंगण आहे त्या पातळीला सोडा. बांधाकडची तिवरं तोडू नका, लाटांचा मार तीच खातात. कंपाउंडची भिंत घालायची तर खाली पाण्याला वाट ठेवा, नाहीतर कुंपण कुडाचंच बरं.

पंचायतवाला:
सीआरझेडचं, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाच्या नियमांचं आधी बघा. २०११ च्या अधिसूचनेत खाजनात बांधकामाला परवानगीच नाही, आणि भरतीचं पाणी येणाऱ्या नदीच्या काठी १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यातलं जे कमी ते अंतर सोडायचं. त्या पट्ट्यात आधीपासूनचं अधिकृत घर असेल तर दुरुस्ती आणि पुनर्बांधणी चालते, पण चौथऱ्याचं क्षेत्रफळ आणि एफएसआय (जागेच्या प्रमाणात एकूण बांधकाम) पूर्वीपेक्षा वाढवता येत नाही. म्हणून जुना चौथरा उखडायच्या आधी मोजणी करून फोटो काढा, सर्व्हे प्लॅनवर घर दिसतं का बघा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) फाईलला लावा. पाडून झाल्यावर घर होतं हे सिद्ध करत बसणं फार जड जातं.

शापोराकाठचा:
देव बरे करो सगळ्यांचं. भराव आणि सपाट स्लॅब दोन्ही रद्द, आर्किटेक्टशी काल बोललो, तो चुन्यालाही तयार झाला पण गवंडी शोधा म्हणाला. आता प्रश्न संडासाच्या टाकीचा आणि पाण्याचा, विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते.

शिवोलीची ताई:
आम्ही नदीकाठीच राहतो. साधा शोषखड्डा नको, पावसात जमिनीखालचं पाणी वर येतं आणि खड्ड्यातली घाण थेट विहिरीत आणि नदीत, जिथं आपलेच लोक तिसऱ्या आणि खुबे काढतात. बंद टाकी, तीन कप्प्यांची, आणि तिचं पाणी खडीच्या पसरट वाफ्यातून सोडा, वाफा तळाला पक्का बंद केलेला, वर कर्दळ लावायची, आमच्याकडे अजिबात वास नाही. विहिरीपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. १०० चौरस मीटर छप्पर असलं तर वर्षाला तीन लाख लिटर पडतं, त्यातलं चार पंचमांश जरी पन्हळीतून धरलं तरी दोन लाख चाळीस हजार. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, मग गाळून टाकीत, जास्तीचं विहिरीत. विहिरीवर मोठा पंप लावून उपसत बसू नका, जितकं जास्त उपसाल तितकं खारं पाणी आत सरकतं.

आणि ती काच दक्षिणेला नकोच, जून-जुलैत नैऋत्येचा वारा पाणी सरळ तिच्यावर आणून आपटतो. जुन्या घराच्या खिडक्यांना काचेच्या जागी पातळ अर्धपारदर्शक शिंपल्या असतील तर त्या जपून काढून परत वापरा, उजेड मऊ येतो आणि डोळ्यांवर ऊन येत नाही, आईंना दुपारी बसायला तीच जागा आवडेल. सुतार मात्र आत्तापासून बघा, ते काम येणारे थोडेच उरलेत. पर्वरीजवळ तोर्डा इथं गोव्यातल्या घरांचं म्युझियम आहे ना, तिथं तुमच्या आर्किटेक्टला घेऊन एकदा जाऊन या. चुन्याचं काम करणारा गवंडी आमच्याकडे येतो, त्याला विचारून नंबर मेसेजमध्ये पाठवते, पण पाऊस लागायच्या आधी भिंती सुकायला हव्यात हे लक्षात ठेवून तारखा धरा.