बांगलादेश पाकिस्तानातनं फुटला तो भाषेमुळं की पैशामुळं?

प्रश्न: लेकीच्या प्रकल्पासाठी हवंय. पुस्तकात नुसतं भाषा आंदोलन दिलंय. एवढ्यावर देश फुटतो व्हय?

बारदानवाला: ताई, मार्केट यार्डात माझं बारदानाचं दुकान, म्हणून आधी तागाचंच सांगतो. ताग पिकायचा पूर्व पाकिस्तानात, म्हंजे आजच्या बांगलादेशात, परकीय चलन त्यातनं यायचं, खर्चाचा मोठा वाटा मात्र पश्चिम पाकिस्तानात. गूळ आपला अन् पट्टी, म्हंजे विक्रीच्या पैशाची चिठ्ठी, दुसऱ्याच्या नावावर निघाली, तर करवीरचा शेतकरी गप्प बसंल? भाषेचंबी खोटं नव्हं. १९५२ ला ढाक्यात बंगालीला राजभाषा करा म्हणणारी पोरं गोळीबारात मेली.

रंकाळाकाठ: शेवटचा घाव निवडणुकीचा. १९७० ला पूर्वेच्या अवामी लीग पक्षाला स्पष्ट बहुमत, तरी सत्ता दिली नाही. मार्च १९७१ ला उलट पूर्वेवरच लष्कर सोडलं.

प्रश्नकर्ती: पट्टीचं उदाहरण ढापते हं, दादा!