उजनीची बातमी : वृत्तपत्र की ब्लॉग? मदत हवी आहे

सस्नेह नमस्कार. सोलापुरातील आमच्या वसाहतीच्या वाचनालयात फलकावर रोज निवडक कात्रणे लावली जातात. अलीकडे काही तरुण सभासद पाणी व शेती यांवर स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यांचे ब्लॉग छापून आणतात, आणि ते लावावेत की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत.

उजनीचेच घ्या. ‘धरण उणे २० टक्के’ असा मथळा वाचला की घरोघरी पिंपे भरली जातात. परंतु ही टक्केवारी केवळ ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठ्यावर काढलेली असते आणि त्याखालचा ६३.६५ टीएमसी मृतसाठा तीत धरलेला नसतो; उणे २० टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपून त्याच्या २० टक्के इतके पाणी मृतसाठ्यातून कमी झालेले, त्यामुळे त्या दिवशीही धरणात सुमारे ५३ टीएमसी पाणी असते. एका ब्लॉगमध्ये हा हिशेब व्यवस्थित मांडला होता. धरणातील काही जागा व्यापणाऱ्या गाळाचा उल्लेख मात्र त्यात नव्हता, आणि लेखकाचे नावही.

वृत्तपत्रावर संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे कायद्याने बंधनकारक आहे, शिवाय तक्रार असल्यास प्रेस कौन्सिलकडे दाद मागता येते. निनावी लेखकाला जाब कसा विचारणार? अर्थात, २००९ च्या निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण गाजल्यापासून नुसत्या नावांवर भिस्त ठेवणेही मला पटत नाही.

निनावी, पण आकडे पडताळता येतील असा मजकूर आपण लावला असता का? तसेच, जलसंपदा विभागाच्या दैनंदिन साठ्याच्या अहवालाशी बातमी ताडून पाहण्याची सोपी पद्धत कोणी वापरत असल्यास कृपया सविस्तर कळवावी.