मदत हवी आहे: पांढरा रस्सा फुटतोय

ताईबरोबर कोल्हापुरात मटण थाळी खाल्ली. पांढऱ्या रश्श्याच्या चार-चार वाट्या रिचवल्या, इतका गुळगुळीत! तसाच घरी हवाय.

अर्धा किलो हाडांसकट मटण हळद न घालता शिजवून लिटरभर अळणी पाणी काढते. त्यात दोन चमचे खसखस, चमचाभर पांढरे तीळ आणि दहा काजूंचं वाटण, एका नारळाचं दूध. तुपात वेलची, लवंग, दालचिनी, मिरीची फोडणी. पण खळखळून उकळी आली की दूध फुटतं, कण वर तरंगतात.

वाटण आधी शिजवून दूध अगदी शेवटी, मंद आचेवर ढवळत घालायचं का? मीठ कधी? कॉर्नफ्लोअर नकोच, चव मरते. रविवारी ताई जेवायला येतेय, कृपया नक्की सांगा.