कमिन्स ६बीटी ५.९ इंजिन उघडलंय, नुसत्या रिंगा टाकून भागेल का?

टिपर_मिस्त्री: टाटा २५१५, कमिन्स ६बीटी, खडी क्रशरवरची गाडी. ऑइल पिते, लोडवर निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) जोरात फुंकर. हेड-चेंबर (वरचं झाकण आणि खालची ऑइलची टाकी) उतरवलंय. बोअर (पिस्टन फिरतो ती भोकं) गेजने मोजले, मापं मिलिमीटरमध्ये: सिलेंडर १, २, ६ मध्ये वर १०२.०७, ४ मध्ये १०२.०९. ३ आणि ५ मध्ये वरच्या रिंगेच्या जागी १०२.१५, खाली १०२.०४. उभ्या रेघा आहेत, होनिंगची जाळी (ऑइल धरून ठेवायला दगडाने घासलेल्या आडव्या-तिरप्या रेघा) पार गेली आहे. मालक म्हणतो रिंगा-बेअरिंग टाका आणि गाडी सोडा. काय करू?

बोअरिंगवाला: नाही भागणार. स्टँडर्ड १०२.००, जास्तीत जास्त १०२.११६ चालतो. टेपर (वरच्या-खालच्या मापातला फरक) ०.०७६ पर्यंत, तुमच्याकडे ०.११ आहे. अशा बोअरमध्ये रिंग प्रत्येक फेऱ्याला उघडते-मिटते, तिचा दाब टिकत नाही. वर काठ तयार झाला असेल तर नव्या रिंगेचा कोरा कोपरा त्यावर आदळतो आणि रिंग नाहीतर पिस्टनची लँड (दोन रिंगांमधला पट्टा) फुटते. महिन्याभरात धूर परत.

या ब्लॉकला लायनर (बदलता येणारी आतली नळी) नाही, बोअर थेट ब्लॉकमध्येच. सहाही ०.५० ओव्हरसाइझला घ्या, म्हणजे तेवढे मोठे करून मोठे पिस्टन टाका. दोनच मोठे केले तर पिस्टनच्या वजनात फरक पडेल. पिस्टन आधी आणा, मोजा, मगच बोअरिंगला द्या. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. होनिंगसाठी थोडा माल राखायला सांगा, नाहीतर टूलच्या खुणा राहतात. याच्या पुढे १.०० चा एक साइझ उरतो, त्यानंतर स्लीव्ह (ब्लॉकमध्ये ठोकून बसवायची नळी).

होनिंगनंतर डिझेलने नुसतं पुसून चालत नाही, दगडाची पूड जाळीत अडकून राहते. गरम पाणी, साबण, ब्रश. पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुवा, लगेच वाळवून ऑइल लावा.

धूळशोधक: बोअर वरच्या बाजूला जास्त खाल्लाय आणि रेघा उभ्या, म्हणजे धूळ हवेतून आली. टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) कॉम्प्रेसर चाकाच्या पात्यांच्या कडा बघा. बोथट, घासलेल्या असतील तर खात्री झाली. फिल्टर नवा असला तरी त्याच्या पुढचा रबरी होज, क्लँप आणि एअर कॉम्प्रेसरला जाणारी नळी तपासा. होजची चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला असते, हाताने वाकवल्याशिवाय दिसत नाही. ती गळती तशीच ठेवलीत तर नवा बोअरही त्याच वाटेने जाईल. मालकाचा खर्च इथेच वाचतो, रिंगांत नाही.

टिपर_मिस्त्री: होज खालून चिरलेलाच निघाला. क्रँकची मापं: मेन (ब्लॉकमध्ये फिरणारे भाग) ८२.९७, बिगएंड (कनेक्टिंग रॉड बसतात ते भाग) सगळे ६८.९७ च्या वर, फक्त ३ नंबर ६८.९३.

बोअरिंगवाला: बिगएंडची खालची हद्द ६८.९६२, मेनची ८२.९६२. मेन हद्दीच्या काठावर आहे, ३ नंबर बाद. सगळे जर्नल (हे मेन आणि बिगएंड) घासून ०.२५ अंडरसाइझला, म्हणजे तेवढे बारीक, घ्या. ग्राइंडिंगवाल्याला फिलेटची (जर्नलच्या कडेचा कोपरा) गोलाई जपायला बजावा. तिथे धारदार कोपरा राहिला की क्रँक तिथूनच तडकतो. ऑइलच्या भोकांच्या कडा तिरप्या घासून (चांफर), भोकं आतून ब्रशने साफ करा.

जुळणीवाला: रिंगांची गॅप (दोन टोकांमधली फट) प्रत्येक बोअरमध्ये फिलर गेजने बघा: वरची ०.४० ते ०.७०, बाकीच्या ०.२५ ते ०.५५. मेन बोल्ट तीन टप्प्यांत ६०, ११९, १७६ न्यूटन मीटर. कनेक्टिंग रॉडचे ३५, ७०, १००. हेडचे सगळे आधी ९०, पुन्हा तपासून लांब बोल्ट १२०, मग सगळ्यांना ९० अंश. व्हॉल्व्ह थंड इंजिनवर, फट इनटेक १० थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट २० थाऊ.

फ्रंट कव्हर उघडलंच आहे तर गियर हाउसिंगची स्टीलची डॉवेल पिन (जागा पक्की करणारी खुंटी) बघा. कंपनाने ती बाहेर सरकते आणि टायमिंग गियरमध्ये पडते. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी अशी लावा की पिनेचं तोंड झाकलं जाईल, बोल्टला लॉकटाइट (ढिला न होऊ देणारा गोंद). हे चुकलं तर अख्खा ओव्हरहॉल पाण्यात.

सुरू करण्याआधी टर्बोची नळी ऑइलने भरा, स्टॉप वायर डिझेल बंद राहील अशी ठेवून ऑइल प्रेशरचा गेज हलेपर्यंत स्टार्टरने क्रँक मारा. चालू झाल्यावर तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत आणि बोअरला काचेसारखी झळाळी येते. गळती बघा, गरम झालं की मध्यम लोडवर रस्त्याला काढा.

टिपर_मिस्त्री: ओव्हरसाइझ रिंगेची गॅप कमी निघाली तर?

जुळणीवाला: टोकं घासून हद्दीत आणा, फाइल बाहेरून आत चालवा, नाहीतर बाहेरचं कोटिंग उडतं. जास्त निघाली तर मात्र रिंग परत करा, साइझ चुकलाय.