राजा सोडून बाकी सगळे साच्यातले?

खडूफळा: इथेच काल एकाने लिहिलं की प्राचीन इजिप्तमधल्या अधिकाऱ्यांचे पुतळे साच्यातून काढल्यासारखे आहेत, माणूस ओळखूच येत नाही. वाचून चीड आली म्हणून सविस्तर लिहितोय. बॉस्टनच्या संग्रहालयातला आन्खहाफ या राजघराण्यातल्या अधिकाऱ्याचा अर्धपुतळा बघा. चुनखडीवर गिलावा चढवून चेहरा घडवलाय. डोळ्यांखाली पिशव्या, तोंडावर थकवा. साच्यात पिशव्या कोण घालतं? जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या संग्रहालयातला हेमिउनू घ्या. मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाचा वजीर, पण छाती सुटलेली, पोटाला वळ्या. हवं तर सडपातळ करवून घेता आलं असतं.

सातबारा: सुटलेलं अंग म्हणजे खाऊनपिऊन सुखी, मोठ्या हुद्द्याचा माणूस. तीही ठरलेली खूणच. आणि हेमिउनूचं नाक नंतर बसवलेलं आहे. सक्काऱ्याच्या दफनभूमीतल्या रानोफेर या पुजाऱ्याचे दोन पुतळे कैरोत आहेत: एक विग घातलेला, तरणा, दुसरा बिनविगाचा, अंगाने भरलेला. खरा कोणता? नाव कोरलं, पुतळ्यात जीव आणणारा 'तोंड उघडण्याचा' विधी झाला, की पुतळा त्याचा.

आमच्या आजोबांचा फोटोच नव्हता. पेंटरने आत्तेभावाला समोर बसवून तसबीर काढली, खाली आजोबांचं नाव घातलं. हार तिलाच पडतो.

खडूफळा: आजीला विचारलंत कधी? आणि का-आपेर या अधिकाऱ्याच्या पुतळ्याचं काय? फ्रेंच उत्खननकार मारिएतचे मजूर तो लाकडी पुतळा बघताच म्हणाले, हा तर आपला शेख-अल-बलद, म्हणजे गावप्रमुख!

सातबारा: अहो, चार हजारांहून जास्त वर्षांनंतरच्या गावप्रमुखासारखा दिसतो म्हणजे तो नमुनाच झाला, माणूस कुठे? तुमचा पुरावा तुमच्यावरच उलटला.

नाईलकाठ: नाकाडोळ्यांवर भांडताय, पण आन्खहाफ बॉस्टनला का, हे कुणीच विचारत नाही! इजिप्तने मागितला, मिळाला नाही.

खडूफळा: चोरलेला नाही. अमेरिकन उत्खननकार राइसनरच्या पथकाला 1925 साली गिझ्यात सापडला, इजिप्तच्या पुरातत्त्व खात्यानेच त्यांना दिला.

नाईलकाठ: खात्याचा प्रमुख फ्रेंच, खोदणारे अमेरिकन. यात इजिप्तचा माणूस कुठे होता? तो पुतळा मस्तब्याला, म्हणजे सपाट माथ्याच्या थडग्याला, लागून असलेल्या पूजास्थानात होता, समोर नैवेद्य ठेवायचे. काचेमागे ठेवायला घडवलेला नाही तो.

सातबारा: हे मात्र शंभर टक्के खरं.

खडूफळा: मग वेगळा धागा काढा! इथे प्रश्न चेहऱ्याचा आहे.

नाईलकाठ: जागा तोडली की चेहऱ्याचा अर्थही तुटतो. धागा हाच.

सातबारा: बरं, आन्खहाफच्या पिशव्या दिल्या तुम्हाला. एकाच्या जोरावर बाकीचे शेकडो सुटत नाहीत.

खडूफळा: एकच? सेनेब हा अधिकारी बुटका होता. मांडी घालून बसवलाय, पाय लोंबायचे तिथे मुलं उभी केलीत, पण आखूड हातपाय लपवलेले नाहीत. शेजारी बायको त्याला हात घालून बसलीय. हा कुठल्या साच्यातला, ते सांगा.