शब्दचर्चा: 'अवलंबी' चल आणि त्यांचं 'अभिसरण'

विश्रामबागकर: एम.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. एका प्रकरणाला नाव दिलं, 'अवलंबी यादृच्छिक चलांचे अभिसरण'. म्हणजे योगायोगानं ठरणारे, एकमेकांशी जोडलेले आकडे पुढंपुढं कशाकडे जातात, ते. बायको नर्स आहे. वहीत डोकावून म्हणाली, "रक्ताचं का?" तेव्हापासून शब्द खटकतोय. दुसरा आहे का?

कृष्णाकाठ: सर, मला 'अवलंबी' जास्त खटकतो. शाळेत 'अवलंबी चल' म्हणजे क्ष ठरला की ठरणारा य. एक मालक, एक गडी. संभाव्यतेत तसं नसतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी आज कृष्णेचं पाणी 38 फुटांवर असेल, तर उद्या ते 12 वर येत नाही. पण आजचा आकडा कळला की कालच्याचाही अदमास लागतोच की! म्हणून 'परस्परावलंबी'. लांबलचक आहे, पण नेमका आहे. 'परतंत्र' मात्र नको, पंधरा ऑगस्ट आठवतो.

हळदपेठ: 'अभिसरण' राहू द्या. 'अभि' म्हणजे कडे, 'सरण' म्हणजे जाणं. अभिसारिकाही कुणाकडे तरीच निघते. रक्त बिचारं गोल फिरतं. कशाकडे ते लिहिलंत की झालं: 'सरासरी अपेक्षित मूल्याकडे अभिसरते'.

विश्रामबागकर: अहो, 'कशाकडे' इथंच तर मेख आहे! गणिती पोल्याचा कलश घ्या. आत एक काळी, एक पांढरी गोटी. न बघता एक काढायची, परत टाकायची, वर त्याच रंगाची आणखी एक टाकायची. असं करत राहिलं की पांढऱ्यांचं प्रमाण एका आकड्यापाशी स्थिरावतं. पण दुसऱ्यांदा पहिल्यापासून खेळा, आकडा वेगळा! 0 ते 1 मधला कुठलाही, सगळ्यांना सारखीच संधी. उलट, नाणेफेकीत छाप्यांचं प्रमाण दरवेळी निम्म्याकडेच जातं.

कृष्णाकाठ: म्हणून काही परस्परावलंबन आलं की सगळं बिघडतंच असं नाही. मोठ्या संख्यांच्या नियमाला, म्हणजे प्रयोग वाढले की सरासरी अपेक्षित मूल्याकडे जाते याला, चलांचं स्वातंत्र्य हवंच, असं रशियन गणिती नेक्रासोव्ह म्हणत होते. 1906 मध्ये त्यांच्याच देशातल्या मार्कोव्हनी साखळीतल्या, म्हणजे प्रत्येक आधीच्यावर अवलंबून असलेल्या, चलांवर तो चालवून दाखवला. पुढं 1913 मध्ये पुश्किनच्या काव्यातली 20,000 अक्षरं मोजून स्वर-व्यंजनांची साखळीही मांडली.

हळदपेठ: आणि 'जवळजवळ निश्चित अभिसरण' लिहिणार असाल तर तळटीप द्या. मुलं 'जवळजवळ' म्हणजे 99 टक्के समजतात. तिथं संभाव्यता पुरती 1 असते.

विश्रामबागकर: बरं. 'परस्परावलंबी' घेतो, 'अभिसरण' ठेवतो. कलशाच्या पानावर लिहीन, 'एका यादृच्छिक मर्यादेकडे'. घरी मात्र वही झाकून ठेवीन.