सहारा हिरवा होता तेव्हाची माणसं नंतर गेली कुठे?

रानवाट_धुळे:
नमस्कार मंडळी. परवा एका माहितीपटात इजिप्तच्या नैऋत्य टोकाचं गिल्फ कबीर पठार दाखवलं, तिथे १९३३ मध्ये अल्माशी नावाच्या माणसाला एक गुहा सापडली आणि तिच्या भिंतीवर चक्क पोहणारी माणसं काढलीयेत. आजूबाजूला शेकडो किलोमीटर वाळू. अल्जीरियातल्या तासिली पठारावर तर गुरांचे कळपच्या कळप रंगवलेत. म्हणजे तिथे तेव्हा गवत होतं, पाणी होतं, एवढं कळलं. पण पुढे "हवामान बदललं आणि लोकांनी स्थलांतर केलं" असं एका वाक्यात उरकून टाकलं आणि माझं घोडं तिथेच अडलंय. पाऊस गेला तो का गेला? एका पिढीत गेला की हजार वर्षं लागली? आणि माणसं उठली म्हणजे नक्की काय केलं, बिऱ्हाड बांधून एका दिशेला चालत सुटली का? आमच्याकडे साक्री-शिंदखेड्यात लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देतो तेव्हा माणसं ऊसतोडीला, नाहीतर सुरतेला जातात, ते डोळ्यासमोर आहे, त्यामुळे हे हजारो वर्षांत हळूहळू वगैरे मनात बसत नाहीये. जाणकारांनी सविस्तर लिहा, मोठं झालं तरी चालेल.

पाऊसपाणी:
पावसाचं मी सांगतो, माणसांचं इथले पुरातत्त्ववाले सांगतील. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलत असतो, त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कुठल्या ऋतूत येते ते साधारण २१ ते २३ हजार वर्षांच्या फेऱ्यात बदलत जातं. सध्या ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जवळ असते, म्हणजे आपल्या थंडीत. १०-११ हजार वर्षांपूर्वी हेच उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात घडायचं, त्यामुळे उन्हाळ्यातलं ऊन आजच्यापेक्षा ७-८ टक्के जास्त. जमीन जास्त तापली की समुद्रावरचा ओला वारा जास्त आत ओढला जातो आणि पावसाचा पट्टा उत्तरेला सरकतो, बस्स. आपला मान्सूनही त्याच काळात जोरात होता, कारण तेच.

साधारण साडेचौदा हजार ते साडेपाच हजार वर्षांपूर्वीपर्यंत हा ओला काळ होता (मध्ये एक मोठा कोरडा खंड पडला तो सोडून). चाड तलाव तेव्हा साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरला होता, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा. त्याच्या तळाचा एक भाग म्हणजे आजचं बोडेलेचं खोलगट वाळवंट, तिथली धूळ वाऱ्याने अटलांटिक ओलांडून पार अमेझॉनपर्यंत जाते आणि त्या धुळीत तलावातल्या सूक्ष्म शैवालाचे सांगाडे आहेत. मला हे दरवेळी वाचताना थक्क व्हायला होतं.

आता पटकन की हळू, यावर खरंच वाद आहे. मॉरिटानियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळात साडेपाच हजार वर्षांपूर्वी धूळ एकदम वाढलेली दिसते, त्यावरून पीटर डीमेनोकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलं की शे-दोनशे वर्षांतच, फार तर थोड्या जास्त काळात, सगळं पालटलं. उलट उत्तर चाडमधल्या योआ तलावाच्या गाळात (२००८ चं काम) गवताळ प्रदेश सावकाश, दोन-तीन हजार वर्षांत वाळवंट होत गेलेला दिसतो. मला स्वतःला दोन्ही खरं वाटतं. ऊन कमी होत गेलं ते सावकाशच, पण गवत गेलं की उघडी फिकट जमीन ऊन परत फेकते, त्याने पाऊस आणखी कमी होतो, म्हणून एखाद्या भागापुरतं ते झपाट्यानेही होऊ शकतं. सगळा सहारा एकाच वर्षी वाळला असं समजू नका.

खापरखुणा:
पाऊसपाणी छान लिहिलंत. आता माणसं.

धुळेकर, बिऱ्हाड बांधून चालत सुटली का, हा तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण पुस्तकातल्या नकाशांवर ते मोठमोठे बाण काढलेले असतात त्यांनी फार घोळ घातलाय. नायजर देशातलं गोबेरो घ्या. पॉल सेरेनो हा खरं तर डायनोसॉरवाला माणूस, २००० साली हाडं शोधताना त्याच्या टीमला टेनेरे वाळवंटात एका आटलेल्या तळ्याकाठी दफनं सापडली, साधारण दोनशे. आधीची माणसं उंच धिप्पाड, हाडाच्या काटेरी भाल्यांनी मोठे मासे मारणारी, त्यांना किफियन म्हणतात. ती इ.स.पू. ६२०० च्या सुमाराला दिसेनाशी होतात कारण तळं आटलं. मग हजारेक वर्षं तिथे कोणीच नाही. पाणी परत आलं तेव्हा माणसं आली ती वेगळ्या शरीरयष्टीची, वेगळ्या वस्तूंची, टेनेरियन, आणि तीही इ.स.पू. २५०० पर्यंत गेली. एकाच जागेवर दोनदा गाव वसलं आणि दोनदा उठलं!

पूर्वेकडे कूपर आणि क्रोपेलिन यांनी दीडशेच्या आसपास उत्खननांच्या तारखा एकत्र मांडल्या (२००६). इ.स.पू. ८५०० च्या सुमाराला पाऊस आल्यावर माणसं सहाराच्या पूर्व भागात भराभर पसरली, आणि गंमत म्हणजे तेव्हा इजिप्तमधल्या नाईलच्या काठी वस्तीच्या खुणा फार कमी आहेत. इ.स.पू. ५३०० नंतर पाऊस मागे हटायला लागला तशी वाळवंटातली ठिकाणं एकेक करून ओस पडली, माणसं डोंगराळ भागात, दक्षिणेला सुदानकडे आणि नाईलच्या खोऱ्यात सरकली, इ.स.पू. ३५०० पर्यंत इजिप्तचा वाळवंटी भाग जवळपास रिकामा. त्यानंतर काही शतकांतच नाईलकाठी फारोंचं राज्य उभं राहतं. हा निव्वळ योगायोग नाही असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही तसंच वाटतं, पण दुष्काळामुळे पिरॅमिड झाले इतकं सरळ ते नाही हेही खरं.

मला जे सांगायचंय ते असं. हे लोक मुळात फिरस्तेच होते. दक्षिण इजिप्तच्या वाळवंटातल्या नब्ता प्लाया नावाच्या जागी पावसाळ्यानंतर तळं भरलं की गुरं घेऊन यायचे, आटलं की निघायचे, तिथे त्यांनी विहिरी खणल्या, गाई पुरून त्यावर दगडांचे ढीग रचले. आपल्याकडे माणदेशातले धनगर मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर कोकणात उतरतात आणि परत फिरतात तसंच काहीतरी. आता समजा दरवर्षी परतायचं एक टोक थोडं थोडं दक्षिणेला सरकत गेलं, तर कुठल्याच एका पिढीला आपण देश सोडला असं वाटणार नाही, आणि दोन हजार वर्षांनी बघावं तर जुन्या टोकाला फक्त वाळू. अर्थात मधे एखादं भयंकर वर्ष येऊन गुरं मेली आणि लोक तडक उठले असंही झालंच असणार, तुमच्या साक्रीसारखं.

डोंगरदऱ्या:
एक भर घालू का. सगळीकडे माणसंच हलली असंही नाही, कधीकधी फक्त विद्या हलते. नैऋत्य लिबियात ताकारकोरी म्हणून कपार आहे, तिथल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या दोन बायकांचा जनुकीय अभ्यास २०२५ मध्ये आला. त्या गुरं पाळणाऱ्या समाजातल्या, पण वंश बराचसा जुना उत्तर आफ्रिकी, सहाराच्या दक्षिणेकडच्या लोकांची सरमिसळ जवळजवळ नाही. म्हणजे गुरं पाळायची विद्या शेजाऱ्यांकडून शिकली, बाहेरून लोंढा येऊन त्यांना हटवलं असं दिसत नाही. आणि हिरव्या सहारात उत्तर-दक्षिण खुलेआम ये-जा होती हा समजही यामुळे जरा तपासून बघावा लागतोय.

दुसरं म्हणजे हा हिरवेपणा पहिल्यांदाच आला नव्हता. भूमध्य समुद्रातल्या गाळाच्या काळ्या थरांवरून गेल्या ८० लाख वर्षांत तो दोनशेहून जास्त वेळा आलाय. साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या ओल्या काळात अरबस्तानही हिरवा होता, इस्राएलमधल्या स्खूल आणि कफजेह गुहांतले आपल्या प्रजातीच्या माणसांचे (होमो सेपियन्स) सांगाडे त्याच्या आसपासचेच, आणि सौदीच्या नफूद वाळवंटात अल वुस्ता इथे तळ्याकाठी सापडलेलं बोटाचं हाड सुमारे ८५ हजार वर्षांचं आहे. दार उघडायचं, माणसं बाहेर यायची, दार मिटायचं. आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचे बहुतेक पूर्वज त्यानंतरच्या लाटेतले.

रानवाट_धुळे:
सगळ्यांचे मनापासून आभार, ते धनगरांचं वाचून एकदम उजेड पडला. आता शेवटचं विचारतो, आपल्या महाराष्ट्रात असं काही सापडलंय का? इतकं जुनं नसलं तरी चालेल.

खापरखुणा:
सापडलंय ना, आणि पुण्यापासून फार लांब नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खणलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. इ.स.पू. १४०० ते १००० मध्ये तिथे मोठी चौकोनी घरं होती, सातू पिकायचा, पाण्यासाठी पाट काढलेला. इ.स.पू. १००० नंतर घरं लहान गोल झोपड्यांची होतात, शेती घटते, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर भर वाढतो, आणि ७०० च्या सुमाराला गाव उठतं. प्रवरेवरचं दायमाबाद, तुमच्या जवळचं तापीवरचं प्रकाशा, अशा उत्तरेकडच्या जोर्वे वस्त्या (इनामगावसारख्याच, त्याच ताम्रपाषाण संस्कृतीच्या) तर इ.स.पू. १००० च्या सुमारालाच ओस पडल्या, भीमेचं खोरं तेवढं टिकलं.

ढवळीकरांनी याचं कारण पाऊस कमी झाला असं दिलं आणि लोक अर्धभटके पशुपालक झाले अशी मांडणी केली. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास करून या सरळ मांडणीवर प्रश्न उभे केले, पाऊस नेमका तेव्हाच कोसळला याचा पुरावा कच्चा आहे असं त्यांचं म्हणणं. उशिराच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते, म्हणजे हाल होते हे नक्की, पण तो दुष्काळ की दमलेली जमीन की वाढलेली तोंडं, यावर अजून एकमत नाही. मला जमिनीचा मुद्दा जास्त पटतो, चारशे वर्षं एकाच काठावर शेती झाली होती.

पुण्याला आलात तर डेक्कन कॉलेजचं म्युझियम चुकवू नका, आधी फोन करून वेळ विचारून घ्या.